मातकट झालेला कॅनव्हास असा सावरला

हॉलमधल्या सोफ्यामागची भिंत कधीची रिकामी होती. २ बाय ३ फुटांचा कॅनव्हास आणला आणि निळा, केशरी, हिरवा असे ॲक्रिलिक रंग हौसेने एकदम फासले. पाहता पाहता सगळ्याचा चिखल झाला. फार वाईट वाटलं.

चूक कळायला दोन दिवस गेले. निळा आणि केशरी हे विरोधी रंग. ओले असताना एकमेकांत गेले की मातकट करडाच होणार. ॲक्रिलिकचा पातळ थर मात्र साधारण अर्ध्या तासात वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. म्हणजे खालचा थर वाळू दिला, तर वरचा त्यात मिसळत नाही.

मग त्या चिखलावर पांढऱ्या जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या अस्तराच्या रंगाचे, दोन हात दिले. रंग दोनच ठेवले, गेरू आणि पिवळा. नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावायचे, हे वाचलं होतं. मीही भिंती रंगवायचा ४ इंची रोलर घेतला. गेरू वाळल्यावर वरून पिवळा पातळ फिरवला आणि तो ओला असतानाच जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा दाबून अलगद उचलला. कागदाबरोबर थोडा पिवळा निघून आला, खालून गेरू डोकावला, अगदी पोपडे सुटलेल्या वाड्याच्या भिंतीसारखा! अजून एकदा रोलर फिरवावा असं फार वाटत होतं, पण हात आवरला.

संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की तो पिवळा उजळतो. आई चहा घेऊन हल्ली समोरच्या खुर्चीतच बसते.