एफएल स्टुडिओ सोडून रीपरवर जाताय? जुनं गाणं असं न्या

एफएल स्टुडिओ आणि रीपर, दोन्ही कॉम्प्युटरवर गाणं बनवायची सॉफ्टवेअरं. एकातून दुसऱ्यात जायचा हा उद्योग गणपतीच्या तोंडावर करू नका. हातातली ऑर्डर संपवा, मग रीपर टाका. 60 दिवस फुकट वापरता येतो. प्लगिनचं, म्हणजे वरून जोडलेल्या वाद्यांचं आणि इफेक्टचं, फोल्डर दाखवून स्कॅन मारा, झालं. एफएल मात्र उडवायचा नाही, त्याची फाईल रीपरमध्ये उघडत नाही.

खरी मारामारी गाणं बाहेर काढताना. जो तो सांगतो मिडी काढ. अरे मिडीत नुसती सुरांची नोंद जाते, सिंथचा (कॉम्प्युटरवरच्या वाद्याचा) आवाज, इफेक्ट काही जात नाही. वर त्याच्यासाठी एफएलच्या टूल्समधला मॅक्रो (तयार कमांड) चालवावा लागतो आणि तो वाद्यं काढून त्या जागी मिडी आऊट बसवतो, ज्याला स्वतःचा आवाजच नसतो. मी तो चालवला आणि सवयीनं कंट्रोल एस दाबलं, तीन आठवडे घासलेला बेस गेला तो गेलाच. मिडी हवाच असेल तर आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून कॉपी काढा आणि मॅक्रो कॉपीवरच चालवा.

माझं मत विचाराल तर ऑडिओच न्या. आधी प्रत्येक वाद्य मिक्सरच्या वेगळ्या ट्रॅकवर आहे का बघा, नाहीतर ढोल आणि ताशा एकाच फाईलीत चिकटून येतात आणि मग बसा रडत. मग वेव्ह एक्सपोर्ट, 24 बिट, 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स'वर टिक, आणि टेलला (शेवटी रेंगाळणाऱ्या आवाजाला) 'लीव्ह रिमेंडर', कट ठेवलंत तर शेवटच्या टोलाची आस मध्येच तुटते. अख्ख्या मिक्सची पण एक वेगळी फाईल काढून ठेवा, लागणार आहे.

रीपरमध्ये पहिल्यांदा टेम्पो, ऑल्ट एंटर दाबून. फायली त्यानंतर. मी उलटं केलं, 120 वरच फायली ओतल्या आणि मग टेम्पो 96 केला, तर रीपरनं ऑडिओ पण ताणला, हलगी अशी वाजायला लागली की वाजवणारा झोपेत आहे. सेटिंगमध्ये टाइमबेस (फायली टेम्पोला बांधायच्या की वेळेला) 'टाइम' केला तर असं होत नाही, पण टेम्पो आधी टाकला की प्रश्नच मिटतो. सगळ्या फायली एकदम ओढून टाका, विचारेल तेव्हा वेगवेगळे ट्रॅक म्हणा.

आता ती मिक्सची फाईल घ्या, फेज उलटा करा (ध्वनीची लहर उलटी होते) आणि बाकीच्यांबरोबर वाजवा. सगळं बरोबर असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि जवळपास शांतता होते. थोडी खरखर राहणारच, अख्ख्या मिक्सवर आवाज दाबणारा मास्टरवरचा लिमिटर असतो ना, पण एखादं वाद्य स्पष्ट ऐकू आलं तर त्याची फाईल राहिलीय किंवा चुकलीय, परत काढा.

शॉर्टकट हळूहळू बसतात हाताला. स्पेसबार तेवढा तोच आहे.