हरभऱ्याच्या पेरणीआधी ट्रायकोडर्माची तयारी

पेरणीच्या आदल्या दिवशी ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पुडी आणायची, सकाळी बियाण्याला चोळायची आणि पेरून मोकळं व्हायचं, असं आम्ही कित्येक वर्षं केलं. तरी महिनाभरात हिरवीगार झाडं माना टाकायची. उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसायची. हीच फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग. शेतात हरभरा नसला तरी ही बुरशी जमिनीत 6 वर्षांपर्यंत तग धरून राहते. तिला आवरायचं तर मित्रबुरशी संख्येने भरपूर आणि वाढीला लागलेली हवी. म्हणून बागायती हरभरा 20 ऑक्टोबरनंतर पेरणार असाल, तर ऑक्टोबर लागला की कामाला लागा.

आधी शेणखत बघा, त्याच्याच ढिगात ट्रायकोडर्मा वाढवायचं आहे. पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत, हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं हवं. उकिरड्याच्या वरच्या थरातलं अर्धकच्चं खत घेऊ नका, ते आतून तापतं. एकरी 100 किलो पुरतं. ते गोठ्याच्या सावलीला आणून ठेवा.

मग पुडी. पावडरीतलं ट्रायकोडर्मा साधारण 6 महिने टिकतं, म्हणून तयार केल्याची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पाकिटावर ग्रॅममागे किमान 20 लाख सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे जिवंत कण, असा उल्लेख असतो, तोही बघा. घरी आणल्यावर थंड जागी ठेवा. एका वर्षी आम्ही पाकिटं पत्र्याच्या खोलीत युरियाच्या गोणीवर ठेवली. ढिगात 15 दिवसांनीही काही उगवलं नाही. जिवंत वस्तू आहे, तिला दुधाइतकं जपावं लागतं.

ढीग लावताना 100 किलो खतात 1 किलो ट्रायकोडर्मा नीट कालवा आणि पाणी शिंपडा. ओल किती हवी? मूठ दाबली की लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वरून ओलं गोणपाट टाका. प्लास्टिकने कोंडू नका, बुरशीला हवा लागते. तीन-चार दिवसांनी फावड्याने वरखाली करा, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. आठवड्याभरात गोणपाट उचललं की खतावर पांढरी जाळी दिसते, पुढे तिच्यावर हिरवी झाक चढते. कधी कधी ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तो आला की मला फार समाधान वाटतं. हेच धागे पुढे मातीत फ्युजेरियमच्या धाग्यांना वेढे घालतात, विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवतात आणि मुळाभोवतीची जागा व अन्न आधी बळकावतात.

हा ढीग पेरणीच्या वेळी ओलीवर, उन्हं कलल्यावर विस्कटा आणि लगेच मातीआड करा. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर टाकलात तर मेहनत वाया गेली.

बियाण्यासाठी वेगळी पुडी ठेवा. किलोला 5 ग्रॅम. त्यानंतर रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून हलक्या हाताने लावा. साल निघता कामा नये. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पावडर याच घमेल्यात कालवू नका, त्याने ट्रायकोडर्माच मरतं. घमेलं आदल्या वर्षीच्या औषधाचं असेल तर आधी घासून धुवा.

वाण मरीला दाद न देणारा घ्या: विजय, दिग्विजय, जॅकी 9218. वाणाचं काम ट्रायकोडर्मा करणार नाही, आणि एकदा वाळायला लागलेलं झाड ते परत उभं करत नाही. गेल्या खेपेला जिथे मर जास्त होती त्या जागा आठवत असतील, तर आत्ताच तिथे काठ्या रोवून ठेवा. ढिगातली दोन-चार घमेली त्या जागांसाठी राखून ठेवा.