कन्नड सर्क्युलर मराठी गावात वाचता यावं म्हणून

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जांबोटी, नंदगडकडची माणसं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, ह्याला कागद काय काय लागतात?" उत्तर कुठल्यातरी सरकारी आदेशात असतंच, पण तो आदेश कन्नडमध्ये आणि खात्याच्या वेबसाइटच्या पोटात. म्हणून दुकानाची एक भिंत मी अशा आदेशांच्या मराठी पानांना दिलीय. वाचनालयात, मंडळात, दूध डेअरीवर तुम्हालाही ते करता येईल.

आधी मूळ कागद गाठा. व्हॉट्सॲपवर फिरणारा मराठी 'सारांश' लावू नका. खात्याचं नाव, आदेश क्रमांक आणि तारीख दिसत नसेल, तर ती नुसती चावडीवरची बातमी समजा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या वेळी, 2023 मध्ये, कुणीही काहीही सांगत होतं. आदेशात मात्र सरळ होतं: रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिला महिना 2,000 रुपये, ती किंवा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल तर नाही.

कागद मिळाला तरी वाचायचा कसा, ही खरी मेख. बरेच जुने आदेश म्हणजे नुसते स्कॅन. काही 'नुडी' ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना छान कन्नड दिसतं, पण कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं की भलतीच अक्षरं उमटतात. अशा पानाचा फोटो काढून गूगल लेन्सला दाखवा. मशीनचं मराठी मात्र तसंच चिकटवू नका. आकडे, तारखा आणि नकार मूळ पानाशी ताडून बघा. ऑफिसच्या कन्नडमध्ये 'सल्लिसतक्कद्दु' म्हणजे सादर करावे, आणि त्याच्याच शेपटीला 'अल्ल' लागलं की करू नये. एवढ्याशा शेपटीवर अर्ज अडतो. शाळेत कन्नड शिकलेली एखादी पोर शेजारी बसवा. माझ्याकडं दहावीतली भाची बसते आणि माझ्यापेक्षा भरभर वाचते.

सगळा आदेश मराठीत आणायच्या नादी लागू नका, कुणी वाचत नाही. एक पान पुरे: कुणाला मिळतं, कुठले कागद, कुठं द्यायचे, कधीपर्यंत, फी किती, नाही झालं तर कुणाकडं जायचं. कागदांची कन्नड नावं मात्र देवनागरीत तशीच ठेवा. आपण वारसा म्हणतो, खिडकीवर 'पौती खाते' म्हणावं लागतं. उताऱ्याला पहणी, रेशनकार्डाला पडितर चीटि. शुद्ध मराठी करून दिलेलं पान घेऊन माणूस नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसात, गेला, तर तिथं पुन्हा मुकाच. मराठी पानामागं मूळ आदेशाची झेरॉक्स टाचा. खिडकीवर वाद झाला तर बोट ठेवायला तीच उपयोगी.

आदेशाच्या सुरुवातीला 'उल्लेख' म्हणून आधीच्या आदेशांची यादी असते. तिच्यावरून नव्यानं कुठला जुना बदलला ते कळतं. जुना भिंतीवरून काढा, फाइलमधून नको. त्या काळात अर्ज केलेल्यांना तो लागतो.

आदेश ऑनलाइन सापडलाच नाही तर माहिती अधिकार आहे. 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की नियम, सूचना, योजनांची माहिती खात्यानं मागण्याआधीच बाहेर ठेवावी, आणि स्थानिक भाषेचा विचार करून ठेवावी. आता इथली स्थानिक भाषा कुठली धरायची? हा भाग कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा, हेच भांडण 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, वारसा तोवर थांबत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत चालतो. हिंदी आपल्याला जमते, पण मी कन्नडमध्येच करायला सांगते, काम लवकर सरकतं. फी 10 रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं न मांडता थेट आदेशाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. ग्रामपंचायतीतले कागद असतील तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आधी तोंडी विचारून बघा, पुष्कळदा लगेच देतात. गाऱ्हाणंच मांडायचं असेल तर ते मराठीतही देता येतं, राज्यघटनेचं कलम 350 तसं सांगतं.

वाचता न येणाऱ्यांसाठी तेच पान फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांच्या वर नको. आपल्या बोलीत बोला, बातम्या वाचल्यासारखं नको. आमच्या आत्या असलं काही ऐकून घेत नाहीत.

आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासलं' लिहून तारीख घाला. माझ्याकडं महिन्याच्या पहिल्या सोमवारी भाची वेबसाइट बघते आणि ती तारीख बदलते. बदलायची राहिली असेल तर गिऱ्हाईकच विचारतं.