जर्मनीला निघालाय? मग रविवारी सव्वाआठला कुणाची बेल वाजवू नका

दिवाळीला साताऱ्यात आले की आमच्या आईकडं हल्ली रोज कोण ना कोण तरी टपकतंच. कुणाची भाची नर्सिंग करून जर्मन शिकतीये, कराडचा एक पोरगा वेल्डिंगवाला, सांगलीच्या वालचंदची दोन पोरं मास्टर्सला निघालीयेत, आणि २०२४ ला महाराष्ट्राचा जर्मनीतल्या त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार झाल्यापासनं तर विचारायलाच नको. प्रश्न सगळ्यांचे तेच. कुकर न्यायचा का, कांदालसूण चटणी बॅगेत सांडंल का, जॅकेट इथनं घ्यायचं का तिकडं. कुकर न्या, चटणी दोन पिशव्यांत बांधून चेक-इनमध्ये टाका, जॅकेट तिकडंच घ्या. झालं. आता जे कुणीच विचारत नाही ते सांगते, टीव्ही.

हसू नका. मला श्टुटगार्टला अकरा वर्षं झाली, पहिली दोन वर्षं ऑफिसात सोमवारच्या कॉफीला मी नुसती खांबासारखी उभी असायचे. जर्मनची बी-टू लेव्हल झालेली, शब्द सगळे कळायचे, पण हसतायत कशाला ते कळायचं नाही. नेटफ्लिक्सवर जे काय आहे ते मी बघितलेलं होतं, पण ही लोकं ज्यावर बोलत होती ते नेटफ्लिक्सवर नव्हतंच. उलटं करून बघा ना, २०१७ ला 'लागिरं झालं जी' लागलं तेव्हा आपल्याकडं आज्या आणि शीतलीचं लग्न हे जणू घरचंच कार्य होतं, आता हे बंगळुरूच्या माणसाला सांगून बघा, तो म्हणेल कोण आज्या? तसंच आहे हे. तिकडं पण त्यांचे आज्या-शीतली आहेत, फक्त तुम्हाला कुणी सांगत नाही.

आधी पैशाचं बोलू. तुम्ही गेल्यावर टाउन हॉलला पत्ता नोंदवता ना, आनमेल्डुंग, त्यानंतर काही आठवड्यांनी एक पत्र येतं रुंडफुंकबायट्रागचं. म्हणजे सरकारी म्हणता येणार नाही पण सार्वजनिक टीव्ही-रेडिओची वर्गणी. मी म्हटलं माझ्याकडं टीव्हीच नाही, आपला काय संबंध, आणि पत्रं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर ड्रॉवरमध्ये. तीन पत्रं झाली, मग मागच्या सगळ्या महिन्यांचे पैसे वर उशिराचे आठ युरो असं आलं आणि त्या महिन्यात मी मॅगीवर काढले दिवस. चूक माझीच. टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो, तीन महिन्यांचे मिळून ५५.०८. पण नीट ऐका, घराला आहे, माणसाला नाही. चार पोरं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानं भरायचे आणि बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा, नाहीतर चौघंही भरत बसाल. आणि आता भरतोच आहोत तर वसूल करा, त्या चॅनलांची मेडियाटेक नावाची ॲपं आहेत, त्यात बरंच काही फुकट, जाहिराती नाहीत, आणि उन्टरटीटेल म्हणजे सबटायटल पण मिळतात. जर्मन सबटायटल लावून जर्मनच ऐकायचं, क्लासच्या फीपेक्षा स्वस्त.

आता टाटओर्ट, खुनाच्या तपासाची मालिका. अर्थ घटनास्थळ, गुन्हा जिथं झाला ती जागा. २९ नोव्हेंबर १९७० ला सुरू झालं ते अजून चालूच आहे, रविवारी रात्री. आठ वाजता टागेसशाऊच्या बातम्या, पंधरा मिनिटं बरोबर, आणि सव्वाआठला खून. दीड तासात खुनी सापडतो, पावणेदहाला लोक झोपायला मोकळे. सुरुवातीचे डोळे, मग त्यावर नेम धरल्यासारखं वर्तुळ, पळणारे पाय आणि क्लाउस डोल्डिंगरचं म्युझिक, हे पन्नास वर्षांत जवळपास तसंच ठेवलंय. आपल्याकडं टायटल साँग दर सीझनला बदलतात.

यातली खरी गंमत काय, तर एकच हिरो नाही. प्रत्येक शहराचे आपापले पोलीस. म्हणजे समजा एका रविवारी साताऱ्याचा इन्स्पेक्टर, पुढच्या रविवारी सांगलीचा, मग कोल्हापूरचा, आणि प्रत्येकानं आपल्या गावच्या बोलीत, आपल्या गावच्या पुलावर, आपल्या गावच्या राजकारणात अडकून खून शोधायचा. सांगलीवाले म्हणणार साताऱ्याचा लईच संथ, सातारकर म्हणणार तुमच्याकडं नुसता आरडाओरडा. अगदी तेच चालतं तिकडं सोमवारी. म्युन्स्टरचे टील आणि ब्योर्ने, एक इन्स्पेक्टर आणि एक शिष्ट फॉरेन्सिकवाला प्रोफेसर, हे विनोदी आणि सगळ्यात जास्त बघितले जाणारे. डुइसबुर्गचा शिमान्स्की १९८१ चा, शिव्या देणारा, त्याचं ते मळकं जॅकेट अजून त्याच्याच नावानं ओळखतात. आमच्या श्टुटगार्टचे लानर्ट आणि बोट्स २००८ ला आलेले. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे पण असतात मधे मधे. तुम्ही ज्या शहरात जाणार तिथलं किंवा जवळचं कुठलं आहे तेवढं जायच्या आधी बघून ठेवा, घरमालकाशी बोलायला पहिला विषय मिळतो.

आता माझी फजिती. खालच्या मजल्यावरच्या आज्जींनी एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, रविवारी ये टाटओर्टला, फिअर्टल नॉयन. फिअर्टल म्हणजे पाव, नॉयन म्हणजे नऊ. मी म्हटलं सव्वानऊ. मोती चौकातल्या कंदी पेढ्यांचा डबा घेऊन, साडी नेसून, सव्वानऊला बरोबर बेल वाजवली. आतनं कुणीतरी "आता?" असं ओरडलं. आज्जींनी दार उघडलं, चेहरा असा की मयत त्यांच्याच घरात झालंय. पाच माणसं अंधारात बसलेली, खुनी धरायला अर्धाच तास राहिलेला. श्वाबियन म्हणजे आमच्या श्टुटगार्टकडच्या लोकांचं, आणि पूर्वेकडच्या बऱ्याच जणांचं, फिअर्टल नॉयन म्हणजे नवव्या तासाचा पाव भाग संपला, म्हणजे सव्वाआठ! आणि ड्रायफिअर्टल नॉयन म्हणजे पावणेनऊ. हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मी कोपऱ्यात बसले, पेढे मांडीवर, कुणी काही बोलेना, कारण मधे बोलायचं नसतं. मग मी हळूच म्हटलं, तो शेजारचा दंतवैद्य असणार. का? कारण मला भाषा निम्मी कळत होती म्हणून मी तोंडंच बघत होते, आणि एवढा रुबाबदार नट एवढ्याशा कामाला कोण घेईल. निघाला तोच. त्या दिवसापासनं माझी खुर्ची तिथं पक्की, आणि नंतर कळलं की हा हिशोब सगळेच लावतात, मोठा नट छोट्या रोलमध्ये म्हणजे संशय धरायचा. पेढे संपले, "ब्राउन मिल्क" म्हणतात त्याला तिथं अजून.

ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी रविवार सकाळची माउस बघा, डी झेंडुंग मिट डेअर माउस. केशरी उंदीर, निळा हत्ती, दोघंही एक शब्द बोलत नाहीत. १९७१ पासनं चालूय. मधे मधे गोष्टी कशा बनतात ते दाखवतात, टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात वगैरे, आणि निवेदन इतकं सावकाश आणि साध्या वाक्यात की आपल्या ए-टू वाल्याला पण कळावं. सुरुवातीला आज काय काय आहे ते एकदा जर्मनमध्ये आणि एकदा दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत सांगतात. मी स्वतः पोरं नसताना दीड वर्ष बघितलं, लाजले नाही. ३ ऑक्टोबरला सुट्टी असते तेव्हा त्यांचा दारं-उघडा दिवस असतो, एरवी बंद असणारे कारखाने, वर्कशॉप पोरांना आत सोडतात, जागा आधी बुक करा.

लाइपझिग, ड्रेस्डेन, माग्डेबुर्गकडं जाणाऱ्यांसाठी एक वेगळं. तिकडं झांडमेनशन, झोपेची वाळू टाकणारा दाढीवाला छोटा बाहुला, पूर्व जर्मनीनं २२ नोव्हेंबर १९५९ ला सुरू केला. देश गेला १९९० ला, हा राहिला. १९७८ ला झिगमुंड येन हा पहिला जर्मन अंतराळात गेला तेव्हा बरोबर हा बाहुला घेऊन गेला होता. तिकडच्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला याचं नाव काढा, मग ऐकत बसायची तयारी ठेवा. फक्त बर्लिनच्या भिंतीचं राजकारण आपणहून काढू नका, त्यांनी काढलं तर ऐका.

राहिलं ३१ डिसेंबरचं, आणि हे सगळ्यात येडं. डिनर फॉर वन, एक विनोदी नाटुकलं. इंग्लिश नट, इंग्लिश भाषा, अठरा मिनिटं, ब्लॅक अँड व्हाइट, १९६३ ला हांबुर्गमध्ये शूट केलेलं, आणि दर वर्षी त्या रात्री एका चॅनलवर झालं की दुसऱ्यावर. जर्मन लोक जे परकं सगळं डब करून बघतात ते हे मात्र इंग्लिशमध्येच बघतात. मी ऑफिसातल्या ब्रिटिश बाईला कौतुकानं विचारलं, तुमचं ते डिनर फॉर वन काय भारी आहे हो. तिला काहीच माहीत नाही! ब्रिटनच्या टीव्हीवर ते पहिल्यांदा लागलं २०१८ ला. त्यामुळं इंग्रजांना विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका, आणि जर्मन माणसानं त्या आठवड्यात कुठल्याही कामाबद्दल "सेम प्रोसिजर ॲज लास्ट इयर?" असं त्यातलंच वाक्य विचारलं तर "सेम प्रोसिजर ॲज एव्हरी इयर" एवढं म्हणा, काम झालं.

परवा हे मी आमच्या आजीला फोनवर दाखवलं. तिला इंग्लिश येत नाही. नव्वदीची म्हातारी टेबलाच्या टोकाला, चार खुर्च्या रिकाम्या, चारही मित्र कधीच गेलेले, आणि बटलर प्रत्येकाच्या वाटणीची दारू स्वतःच पितोय. आजी म्हणाली, "ही तर पित्रं घातलीत की, आणि वाढपीच गटागटा संपवतोय." मग तो बटलर जमिनीवर अंथरलेल्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळला, परत अडखळला, परत अडखळला, आजीचा पदर तोंडावर. एकदा तो चुकून न अडखळता गेला आणि स्वतःच थांबून मागं बघायला लागला, तेव्हा तर तिला ठसकाच लागला, आईला पाणी आणावं लागलं.

३१ ला मी तिकडं असणार. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले साडेअकरा, आजी एरवी नऊला झोपते. जागी राहते म्हणालीये, वाघ बघायला.