नेत्याची खळबळजनक क्लिप आली, तर ती कशी तपासावी

निवडणूक तोंडावर आली की नेत्यांच्या क्लिप फोनवर येऊन थडकू लागतात. कुणी मतं फिरवायचा बेत रचताना ऐकू येतो, कुणी शरणागती जाहीर करताना दिसतो. बहुतेक जण मग ती क्लिप पुन्हा पुन्हा बघतात: ओठ नीट हलतात का, पापण्या मिटतात का. ते जरा मागे ठेवा. क्लिप आली कुठून आणि आली केव्हा, हे आधी शोधा.

वेळ बघा. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाला दोनेक दिवस उरले असताना एक ध्वनिफीत पसरली. मिहाल शिमेच्का हे पक्षनेते एका महिला पत्रकाराशी निवडणुकीतल्या गैरप्रकारांची चर्चा करताहेत, असं तीत ऐकू येत होतं. ती बनावट असल्याचं दोघांनीही सांगितलं. पण प्रचारबंदी सुरू झालेली, म्हणजे खुलासा लोकांपर्यंत पोचवणंच अवघड. उत्तर द्यायला वेळ उरू नये असा मुहूर्त साधून क्लिप आली, तर संशय दुप्पट करावा.

ती तुमच्याकडून काय करून घेऊ पाहते? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना फोन आले. आवाज तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांच्यासारखा. सांगणं असं की प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत देऊ नका, ते नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठी राखून ठेवा. प्राथमिक फेरीत मत दिल्यानं नोव्हेंबरचं मत जात नाही, हा साधा नियम ठाऊक असता तरी बनाव उघडा पडला असता. आवाजाची चिरफाड करायची गरजच नव्हती. मतदानाबद्दलची कुठलीही सूचना निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर पडताळावी, मग ती कुणाच्याही आवाजात असो.

मूळ शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जाहीर सभेतलं वाक्य असेल, तर तिथे अनेक कॅमेरे असणार. मग दुसऱ्या कोनातून घेतलेलं चित्रण कुठे आहे? पूर्ण भाषण मिळवा आणि त्या वाक्याच्या मागचं-पुढचं ऐका. व्हिडिओ दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्ससारख्या साधनात टाका. कितीदा तरी हाती लागतो तो जुनाच व्हिडिओ, खाली नवा मजकूर चिकटवलेला. त्यात एआयचा पत्ताही नसतो. २०१९ मध्ये अमेरिकी नेत्या नॅन्सी पेलोसी यांचा व्हिडिओ नुसता संथ करून त्या दारूच्या नशेत बोलताहेत असं भासवलं होतं. कात्री आणि वेगाचं बटण, एवढ्यावर काम भागलं.

आता डोळे-कान लावा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगताहेत असा व्हिडिओ आला, तेव्हा डोकं धडाला शोभत नव्हतं आणि आवाजही वेगळा वाटत होता. असल्या ढोबळ चुकांवर आता विसंबता येत नाही. उलट, फॉरवर्ड होऊन होऊन धूसर झालेला खरा व्हिडिओही कृत्रिम वाटू शकतो. नुसता आवाज असेल तर पारख आणखी कठीण, कारण चेहरा समोर नसतो आणि फोनची खरखर बरेच दोष झाकते. ‘९० टक्के बनावट’ असे आकडे देणारी साधनंही चुकतात. त्यांचा आकडा पुराव्यांपैकी एक समजावा, निकाल म्हणून धरू नये.

खऱ्याला खोटं म्हणणाऱ्यांनाही हाच नियम लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या विमानतळावरची, प्रतिस्पर्धी उमेदवार कमला हॅरिस यांच्या सभेची गर्दी एआयनं बनवलेली आहे, असा दावा ट्रम्प यांनी केला. गर्दी खरी होती. तिथे हजर असलेल्यांचे आणि वृत्तसंस्थांचे ढीगभर फोटो-व्हिडिओ होते. मला हा धोका जास्त मोठा वाटतो. बनावट क्लिप एकदाच फसवते, पण ‘हे डीपफेक (एआयनं घडवलेली नक्कल) आहे’ ही सबब कुठल्याही अडचणीच्या पुराव्याला लावता येते. असा दावा करणाऱ्याकडे पुरावा मागा. तुमच्या आवडत्या नेत्याकडे तर आवर्जून.

एवढं करूनही छडा लागला नाही, तर क्लिप पुढे पाठवू नका. ‘खरं-खोटं देव जाणे’ असं लिहून पाठवणं म्हणजेही पाठवणंच. आधीच पाठवून बसला असाल तर ज्या ग्रुपवर टाकली तिथेच चूक लिहा आणि मूळ क्लिप सगळ्यांसाठी डिलीट करा. खुलासा करताना ती पुन्हा जोडू नका. दाखवणं भागच असेल, तर एका स्क्रीनशॉटवर मोठ्या अक्षरांत ‘बनावट’ असं आडवं लिहून तेवढाच टाका.