नुडीची फाइल एनव्हीडीए वाचत नाही? हे करून बघा

बेळगावात ऑफिसकामाची इंटर्नशिप करणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण: नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरातलं पत्र उघडलं की एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, भलतीच इंग्रजी अक्षरं बरळतो. दोष त्याचा नाही. जुन्या नुडी फॉन्टात पडद्यावर कन्नड दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. जुन्या श्रीलिपी फॉन्टातल्या मराठी फायलींचंही तेच.

आधी फाइलची प्रत काढा, मग कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या पद्धतीत, बदला. मधले इंग्रजी शब्द नि जोडाक्षरं डोळस सहकाऱ्याकडून ताडून घ्या. घोळ तिथंच होतो. इन्सर्ट-कंट्रोल-व्ही दाबून ईस्पीक या मजकूर बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा कन्नड किंवा मराठी आवाज निवडा. आवाज यंत्रासारखा आहे, पण फुकट आहे आणि कान सरावतो. स्कॅन केलेल्या पीडीएफला हा उपाय लागू नाही, ते नुसतं चित्र. साहेबांना पहिल्याच दिवशी सांगा: नवी पत्रं युनिकोडमध्येच टाईप करा.