बोटीचं इंजिन मिसिंग करतंय? दोष असा शोधा

पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवलेली बोट सप्टेंबरात पाण्यात उतरवावी आणि इंजिनाने मिसिंग सुरू करावं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनमधून पेटायचं राहून इंजिनाने अडखळावं, हे तारकर्ली-देवबागपासून मांडव्यापर्यंत नेहमीचंच. मग आधी नवे प्लग येतात, नंतर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), शेवटी कार्बोरेटर उघडला जातो. इंजिन सुधारलं तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खर्च. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सुरुवात पेट्रोलपासून करा. इथे मी मागे टांगलेल्या, दोन किंवा अधिक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाबद्दल लिहितोय.

इंजिन जमिनीवर चालवणार असाल तर पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा आणि पाण्याचा पाइप जोडा. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातलं रबरी इंपेलर बघता बघता जळतं. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची कुठलीही तपासणी करू नका.

आता मिसिंग नेमकं कधी होतं ते बघा. फक्त आयडलिंगला होत असेल आणि रेस दिल्यावर थांबत असेल, तर कार्बोरेटरचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छोटं छिद्र, जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने तुंबला असण्याची शक्यता मोठी. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) थोडा ओढल्यावर इंजिन सुधारलं तर इंधन कमी पडतंय, हे नक्की. माणसं भरून वेग घेतानाच धडधडत असेल तर इंधनाचा पुरवठा किंवा कमजोर ठिणगी. आवाज चढतो पण बोट पुढे सरकत नाही, हे मिसिंग नव्हे. पंख्याचा रबरी हब, म्हणजे मधला भाग, दांड्यावर घसरतोय. बझर वाजून वेग आपोआप उतरला तर इंजिन तापलंय. मागून पडणारी पाण्याची धार बघा आणि लगेच बंद करा.

पेट्रोलची तपासणी अगदी सोपी आहे. फिल्टरमधलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, दोघांच्या मधली रेघही स्पष्ट असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसात अर्धवट भरलेली टाकी चार महिने पडून राहिली की काय होणार? थर दिसला तर ते पेट्रोल गाळून वापरू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर बदला. काढलेलं पेट्रोल खाडीत ओतायचं नाही, एवढं कळकळीने सांगतो.

पेट्रोल चांगलं असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. तो बंद राहिला की थोडं अंतर गेल्यावर इंजिन गचके खातं आणि पाइपवरचा, हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी बल्ब आत चेपतो. बल्ब मऊच राहत असेल आणि दाबत राहिल्यावर इंजिन सुधारत असेल, तर कुठेतरी जोडातून हवा शिरतेय किंवा इंधनपंप थकलाय.

इथवर काही सापडलं नाही तर आजारी सिलिंडर शोधायचा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती इंजिनाच्या धातूला अर्थ केलेल्या (अर्थिंगची वायर जोडलेल्या) स्पार्क टेस्टरला, म्हणजे ठिणगी दाखवणाऱ्या साधनाला, लावा आणि पुन्हा सुरू करा. वायर नुसती लोंबकळत ठेवली तर इग्निशनचं युनिट जळू शकतं. चांगला सिलिंडर बंद पडला की आवाज लगेच बसतो. ज्याची वायर काढूनही फरक पडत नाही, तोच आधीपासून काम करत नव्हता. टेस्टरमध्ये ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. पिवळट, अधूनमधून तुटणारी नको.

इंजिन थंड झालं की सगळे प्लग काढून क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं म्हणजे तिथलं पेट्रोल जळत नाही. बाकीचे तपकिरी असताना एकच पांढरा, धुतल्यासारखा असेल तर आत पाणी जातंय असं समजा. आता संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. मिसिंग त्याच्याबरोबर गेलं तर प्लगच बदला. जागेवरच राहिलं तर याच पद्धतीने कॉइल फिरवून बघा. कॉइल विकत घेण्याआधी तिच्या अर्थचा नट जरूर उघडा. खाऱ्या हवेने वायरीच्या टोकावर हिरवी भुकटी धरते, आणि कितीतरी वेळा ती घासून काढली की काम होतं. अंधारात इंजिन चालवून वायरींकडे पाहिलं तर चिरलेल्या जागेतून बाहेर उडी मारणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही चांगलं असूनही सिलिंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. सगळे प्लग काढून, वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन फिरवा. सिलिंडरांमध्ये साधारण 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटवर (सिलिंडरांच्या माथ्याच्या जोडातलं सील) संशय घ्या. एकच कमी असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हवर. हे काम मेकॅनिकचं आहे. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.